घरी पोचल्याची नोंद

२९ मार्च १९९८, रविवार

आजपासून मी हैदराबादकर! सकाळी नामपल्लीला उतरलो तर चिन्मय फलाटावर हजर, हातात उस्मानिया बिस्किटांचा पुडा. कॉलेजात माझी जर्नल्स उतरवून पास झालेला हा प्राणी दोन वर्षांत इथे इतका मुरलाय, की रिक्षावाल्याशी थेट दख्खनीत हुज्जत घालतो. मला हसू आवरेना.

खोली नल्लकुंट्यात, वरच्या मजल्यावर, समोर गच्ची. मालक नामदेवराव हे जुन्या निजामी मुलखातल्या शेतकरी घराण्यातले, वीजखात्यातून रिटायर झालेले. पाण्याची परेशानी नक्को समजू, सुबह-शाम येतं, असं त्यांनी मला बजावलं. तारामतीकाकूंनी बॅग ठेवायच्या आत भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. त्यांचा मुलगा हर्षवर्धन माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. केबल टीव्हीचा धंदा करतो. दिवसभर या गच्चीवरून त्या गच्चीवर तारा टाकत फिरतो आणि अख्ख्या गल्लीला नावानिशी ओळखतो.

उद्यापासून कुकटपल्लीचं ऑफिस. सन दोन हजार उजाडायच्या आत जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी वर्षं चार आकडी करायची, एवढंच काम आहे. पण खरा खजिना माझ्या बॅगेत आहे. कामानिमित्त अमेरिकेत काढलेल्या सहा महिन्यांत मी सुपरहिरोंचा एक खेळ शिकलो. त्याचं नियमांचं पुस्तक आणि दहा बाजूंचे फासे सोबत आणलेत. इथे कुणाच्या बापाने पाहिला नसेल.

५ एप्रिल, रविवार

खेळ ठरला! पुढच्या रविवारी, माझ्या खोलीत. चिन्मय आहे आणि आमच्याच ऑफिसातली, डोंबिवलीची मृण्मयी आहे. (मृण्मयीबद्दल इथे काही लिहिणार नाही.) चौथं कुणी मिळेना म्हणून चिन्मयने परस्पर हर्षवर्धनला बोलावलं. मला विचारायचं तरी.

खेळाला पट नसतो. प्रत्येकाचा एकेक नायक, त्याच्या शक्ती कागदावर लिहिलेल्या. एक जण सूत्रधार, म्हणजे अर्थातच मी. काय घडतंय ते मी सांगायचं, मग फेरीने प्रत्येकाला विचारायचं, 'तू काय करतोस?' जमलं की फसलं ते फासे ठरवतात. आमचा डाव एकाच बैठकीत सुरू होऊन संपणारा.

एक रिवाज मात्र माझा स्वतःचा. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. आत गेलेला शेवटचा कामगार बाहेर आल्याची नोंद झाल्याशिवाय ते जागेवरून हलत नसत. तेच मी खेळात आणलं. डाव संपला की सूत्रधाराने हजेरीच्या वहीत प्रत्येक नायकाच्या नावापुढे 'घरी' लिहून सही करायची. नायक मेला असला तरी. कुणालाही आत सोडून उठायचं नाही.

१२ एप्रिल, रविवार

डाव झाला. चांगला झाला असं सगळे म्हणतात. माझं डोकं अजून तापलेलं आहे.

दुपारी दोनला कूलर लावून बसलो. चिन्मयने 'वज्रमूठ' घेतला, मृण्मयीने 'सावली'. हर्षवर्धनसाठी मी खास 'अग्निदूत' बनवला होता. त्याने कागद उलटा करून ठेवला आणि आग-बिग नक्को भाई म्हणाला. स्वतःच 'तारवाला' काढला, म्हणजे केबलच्या तारेवरून चालणारा आणि तारेला कान लावला की कुठल्याही घरातलं ऐकणारा माणूस. शाळा तेलुगू माध्यमातली, त्यामुळे त्याला मराठी भरभर लिहिता येत नाही. म्हणून मृण्मयी त्याच्या शेजारी सरकली आणि कागद तिने लिहिला. संपूर्ण डावभर ती तिथेच बसून होती.

माझा खलनायक 'गवंडी'. शहरातला एकेक दरवाजा विटांनी बुजवत जातो, आतल्या माणसांसकट. नुमाइशच्या, म्हणजे इथल्या वार्षिक प्रदर्शनाच्या, मैदानाखालच्या त्याच्या भुयाराचं वर्णन मी आठवडाभर खपून लिहिलं होतं. ते वाचत असताना हर्षवर्धनने मध्येच विचारलं, की या गवंड्याचं स्वतःचं घर कुणी बांधलं, आणि मजुरी दिली का? चिन्मय खाली पडून हसला. त्यानंतर माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. सूत्रधार मी, आणि सगळे तोंडाकडे बघतायत केबलवाल्याच्या!

मला हेवा वाटला. लिहून टाकलं.

शेवटी इतरांना बाहेर पडता यावं म्हणून तारवाला एकटा भुयारात शिरला, गवंड्याची थापी मोडायला. फासे टाकले तर दहा आणि दहा. खोलीत नुसता गोंधळ. मृण्मयीने त्याचा दंड धरून हलवला. मी शांतपणे सांगितलं, की थापी मोडली, शहर सुटलं, पण शेवटची भिंत तुझ्या पाठीमागे उभी राहिलीय. आत जागा चार पावलं लांब, चार पावलं रुंद.

मग मी फेरी सुरू केली. चिन्मयला विचारलं. मृण्मयीला विचारलं. आणि हर्षवर्धनला ओलांडून पुन्हा चिन्मयकडे वळलो. तीनदा असं केलं. पंगतीत वाढपी आपल्या पानाशी येईल म्हणून माणूस बसतो, तसा तो प्रत्येक वेळी सावरून बसायचा. मी गेलोच नाही. मृण्मयीने भिंत ठोकून पाहिली, तर आतून आवाज येत नाही असं मी सांगितलं. मग डाव संपला म्हणून जाहीर केलं आणि वहीत दोघांपुढे 'घरी' लिहिलं. तिसरी जागा कोरी ठेवली.

माझं काय, असं त्याने हसतच विचारलं. मी म्हटलं, मोठ्या नायकांना जरा ताटकळावं लागतं, बघू पुढे कधी. सगळे हसले. मला फार बरं वाटलं.

१४ एप्रिल, मंगळवार

हर्षवर्धन काल आणि आज कामावर गेला नाही. फाटकापर्यंत जातो आणि परत येतो. काकूंना तो म्हणाला म्हणे, की अम्मा, फाटकाच्या पुढे रस्ता लागतच नाही. उन्हाचा त्रास असेल. गल्लीतले लोक केबल बंद म्हणून ओरडतायत. ऑफिसात मृण्मयीने मला चारदा विचारलं, तो कसा आहे. मला स्वतःला सर्दी झालीय, ते कुणाला दिसत नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

आता तो व्हरांड्यातही येत नाही. डॉक्टर म्हणाले मनावर ताण आहे, झोपेच्या गोळ्या दिल्या. मृण्मयी ऑफिसातून दोन बस बदलून येते आणि त्याला पेपर वाचून दाखवते.

माझ्या खोलीखालीच त्याची खोली. पावलं वर ऐकू येतात. चार पावलं, मग वळतो. चार पावलं, वळतो. त्याची खोली चांगली दहा पावलांची आहे.

१९ एप्रिल, रविवार

मला कळलंय. न कळायला काय झालं?

दुपारी वही आणि पेन घेऊन मी निघालो होतो. एकदा विचारायचं, तू काय करतोस, आणि नावापुढे 'घरी' लिहायचं. एवढंच. निम्म्या जिन्यात पोचलो तर खालून मृण्मयीचं हसणं ऐकू आलं. माझ्या कुठल्याही बोलण्यावर ती अशी हसलेली नाही. मी परत वर आलो आणि कडी लावली.

चिन्मय बोलवायला आला. मी आतूनच ओरडून सांगितलं, की माझी कडी लागलेली असली की कुणी मला हाका मारायच्या नाहीत, यायचं तेव्हा मी येईन. तो गेला. खाली सगळ्यांना सांगितलं असणार, कारण नंतर कुणीही आलं नाही.

२२ एप्रिल, बुधवार

तीन पावलं.

आज खाली गेलो. पलंगावर गुडघे छातीशी घेऊन जेवत होता. पाय लांब केले तर भिंतीला लागतात म्हणतो. भिंत समोर आठ फुटांवर आहे. माझ्यावर राग नाही त्याचा. उलट मला पाहून चेहरा उजळला आणि त्याने हळूच विचारलं, भाई, माझी पाळी कधी?

मी सर्दीचं कारण सांगून वर आलो.

२४ एप्रिल, शुक्रवार

मृण्मयी आज ऑफिसात माझ्या टेबलाशी आली. डोळे सुजलेले. म्हणाली, तो सारखं खेळाचंच बोलतो, खेळ तुझा आहे, आता तूच काहीतरी करू शकतोस. तूच, असं म्हणाली.

रविवारी त्याला बाहेर काढायचं ठरवलं. दया वगैरे आलेली नाही, निदान इथे तरी खोटं लिहीत नाही. मी काढलेलं तिने पाहायला हवं.

२६ एप्रिल, रविवार

निघाला!

आम्ही तिघं त्याच्या पलंगाभोवती बसलो. सूत्रधार राहून नुसतं 'घरी' लिहिलं असतं तर कुणाला काय दिसलं असतं? म्हणून या वेळी मीच नायक घेतला, 'आरपार', कुठल्याही भिंतीतून जाणारा. वही हर्षवर्धनच्या हातात दिली. म्हटलं, आज तू सूत्रधार.

त्याने घोगऱ्या आवाजात मला विचारलं, तू काय करतोस. मी म्हटलं, भिंतीतून आत जातो, तारवाल्याला उचलतो आणि बाहेर ढकलतो. फासे टाकले. दहा आणि नऊ. मृण्मयीने टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी!

हर्षवर्धनने पाय लांब केले. मग उभा राहिला. चार पावलं, पाच, सहा. नामदेवराव उंबऱ्यात रडत उभे. परत पलंगावर बसून त्याने वही मांडीवर घेतली आणि जीभ बाहेर काढून एकेक अक्षर लिहू लागला. तारवाला, घरी. वज्रमूठ, घरी. सावली, घरी. तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून कुणीतरी हाक मारली, केबल कधी चालू करणार? तो जोरात हसला, वही खिशात कोंबली आणि फाटकातून धावत सुटला. त्याच्यामागे सगळेच धावले.

खोलीत मी एकटा उरलो. चौथं नाव राहिलं. कुणी मुद्दाम केलं नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

२७ एप्रिल, सोमवार

बस चुकली. फाटकाच्या पुढे पाऊल पडत नाही. समोर रस्ता दिसतो, रिक्षा दिसतात. पाय उचलला की तिथेच येतो.

हर्षवर्धन समोरच्याच गच्चीवर होता. हात केला त्याने. एक हाक मारायची होती, माझं नाव लिही म्हणून. त्याला विनंती करायची? मी? नाही मारली हाक.

२९ एप्रिल, बुधवार

आता फक्त खोली. चार पावलं. कागदावर स्वतःच्या नावापुढे 'घरी' लिहून पाहिलं, पन्नास वेळा. उपयोग नाही. सूत्रधारानेच लिहावं लागतं, नियम माझाच आहे.

कडी आतून लागलेली. तिच्यापर्यंत हात पोचत नाही—

१ मे, शुक्रवार

हाका मारल्या. हर्षवर्धन, चिन्मय, काकू. सकाळपासून मारतोय. आवाज तोंडाजवळूनच परत येतो.

काकू ताट ठेवून गेल्या, दाराबाहेर. चिन्मय आला होता. दाराशी थांबला. काकूंना सांगितलं, रुसलाय तो, कडी लावली की हाका मारायच्या नाहीत, त्यानेच बजावलंय. मी दोन हातांवर होतो त्याच्यापासून. ओरडत होतो—

दोन पावलं.

३ मे, रविवार

दुपारचे दोन. खाली डाव मांडलाय. खिडकीबाहेर केबलची तार, तिच्यातून सगळं स्वच्छ ऐकू येतं. फासेसुद्धा.

गुडघे छातीशी. त्यांच्यावर ही डायरी. कोपर हलत नाही, अक्षर लहान—

हर्षवर्धन सूत्रधार. फार छान सांगतो. खरंच, माझ्यापेक्षा छान सांगतो. हे आधी म्हटलं असतं तर—

मृण्मयीने विचारलं! तिने विचारलं, आरपार कुठाय? तो आत राहिला का?

हर्षवर्धन हसून म्हणतो, त्याची फिकीर नक्को. त्याला कुठली भिंत अडवणार? यायचं तेव्हा येईल.

सगळे हसले. तीही.

फेरी सुरू झाली. चिन्मयला विचारलं. आता मृण्मयीला. तिचं होतंय. फासे पडले. यानंतर मी. आता मला विचारेल. उत्तर तयार आहे माझं. आता—

चिन्मयला विचा