मस्ट लिहिणाऱ्याने आधी पाळायचं

बाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण आज तुम्ही हव्या होतात. मी आता मीरा रोडला राहते, सातव्या मजल्यावर, आणि सोसायटीची सेक्रेटरी आहे. इंग्रजी नोटिसा मीच लिहिते, हे ऐकून तुम्ही चष्म्यावरून बघितलं असतंत. उत्तनची एक मावशी दर रविवारी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन आमच्याकडे येते. वास येतो म्हणून तिने लिफ्ट वापरायची नाही, जिन्यानेच यायचं, अशी नोटीस कमिटीला हवीय. मी 'शुड' घालून लिहिलं, तर चेअरमन म्हणाले, "मॅडम, शुड से कौन मानता है? मस्ट लिखो."

"सातवें माले तक वो चढ़ेगी कैसे?"

"हम क्या करें? रूल है."

रूल कुठला? अजून मीच लिहायचाय तो! मावशीच्या कानावर गेलंच. म्हणाली, "गुडघ्यान जोर न्हाय गो बाय. खालीच बसू काय?"

मला आपला आठवीचा वर्ग दिसतोय. वर्गाचे नियम आम्हीच इंग्रजीत लिहायचे, ही तुमची पद्धत. 'शुड' म्हणजे सल्ला, 'हॅव टू' म्हणजे दुसऱ्याने लादलेलं, त्याच्यामागे लपता येतं. 'मस्ट' मात्र आपल्या तोंडचा हुकूम. म्हणून मस्ट लिहिणाऱ्याने तो नियम आधी आठवडाभर स्वतः पाळायचा. मी तोऱ्यात लिहिते, शेवटच्या बाकावरच्यांनी रोज वर्ग झाडलाच पाहिजे. तुम्ही कोपऱ्यातला झाडू माझ्या हातात देता. "घे. मस्ट लिहिलंयस ना?" नाकातोंडात धूळ जाते आणि तुमचा असा राग येतो! पण तुम्ही स्वतःलाही सोडलं नाहीत. ओरडायचं नाही, असं स्वतःसाठी मस्ट घालून लिहिलंत आणि आठवडाभर हळू आवाजात शिकवलंत. वर्ग इतका गप्प कधीच बसला नव्हता.

काल मी कमिटीला सांगितलं, मस्ट लिहिते, पण आधी आपण सगळे डोक्यावर भरलेली पाटी घेऊन जिना चढू. चेअरमन हसले. त्यांना गंमत वाटली. आज मीटिंगसाठी मी बटाट्यांनी भरलेली पाटी खाली नेऊन ठेवलीय. पहिली मी चढणार. बाकीच्यांनी उचलली नाही तर त्या नोटिशीवर माझी सही होणार नाही. सेक्रेटरीपद गेलं तर गेलं उडत.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच सांगून टाकते. घरात मासळी लागते ती सासूबाईंना. मला तो वास अजिबात सहन होत नाही, बाई. मावशी लिफ्टमध्ये असली की मी तिच्याशी हसून बोलते आणि मनातल्या मनात मजले मोजत असते.