पुढच्या आठवड्यात भाव चढणार

३ एप्रिल, सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. वही नवी, पेन नवं, विचार जुनेच पण ठाम.

एकोणीस वर्षं मी बाजार समितीचं भावपत्रक काढतोय. पहाटे पाचला सात व्यापाऱ्यांना फोन. अंडी शेकडा कितीला, ब्रॉयलर किलोला किती, गावठी कोंबडी कितीला गेली. सातांची सरासरी काढायची, एका कागदावर टाइप करायची आणि खाली ‘बाजाराची स्थिती’ म्हणून दोन ओळी लिहायच्या. आकडे व्यापाऱ्यांचे असतात. त्या दोन ओळी माझ्या. सेक्रेटरीसाहेबांना वाटतं, हे काम कोणीही करील. मी ऐकून घेतो.

संकल्प :
१) महिनाअखेर राजीनामा. नंतर स्वतःची पोल्ट्री कन्सल्टन्सी.
२) चहा दोनच वेळा.
३) ऑफिसची खिडकी उघडून घेणे. रंग देताना चौकटीला चिकटली, त्याला सहा वर्षं झाली. काचेतून खालचे पिंजरे दिसतात. वास मात्र कुठून येतो कळत नाही.

४ एप्रिल
पहिलं गिऱ्हाईक घरातच मिळालं. मेहुणा आला होता. त्याच्या शेडमध्ये दोन हजार पक्षी आहेत, चाळीस दिवसांचे, सरासरी दोन किलो. गाडीवाला व्यापारी किलोला ब्याण्णव द्यायला तयार आहे. भाऊजी, देऊन टाकू का, असं विचारलं.

मी डोळे मिटले. (विचार करताना मिटतो.) म्हटलं, थांब. पुढच्या आठवड्यात एकशे दहा.

त्यानं बहिणीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, बघितलं. बहिणीनं त्याच्याकडे बघितलं. मोठा निर्णय झाला की सामान्य माणसं अशीच एकमेकांकडे बघतात. मग दोघं चहा करायला आत गेली ती अर्ध्या तासानं बाहेर आली. तीन कप चहाला अर्धा तास. गॅसबद्दल बायकोशी बोललं पाहिजे.

६ एप्रिल
ब्रॉयलर ९०. हे करेक्शन आहे. उडी मारायच्या आधी माणूस दोन पावलं मागे जातो, तसं.

९ एप्रिल
८८. तिसरं पाऊल.
मेहुण्याला फोन करून पक्षी कसे आहेत विचारलं. ‘मजेत असतील,’ म्हणाला. असतील! मालाबद्दल इतकी अलिप्तता मी कुठल्याच शेडवाल्यात पाहिली नाही. माझ्यावरचा विश्वास, दुसरं काय.

शेड बघायला येतो म्हटलं. तर म्हणाला, बाहेरच्या माणसाला आत घेत नाही, रोगराईची भीती असते. बायोसिक्युरिटी. मीच त्याला हा शब्द शिकवला होता.

१२ एप्रिल
८६. अंडी शेकडा ४६० वरून ४४०. उन्हाळा लागला की खप बसतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण या वर्षी तसं होणार नाही, असं माझं मत होतं. अजून आहे.

दुपारी डबा खाता खाता हिशेब केला. पक्षी दिवसाला दोनशे ग्रॅम खाद्य खातो. दोन हजार पक्षी म्हणजे रोज चारशे किलो. आणि अडीच किलोच्या वर गेलेला पक्षी हॉटेलवाले घेत नाहीत, त्यांना लहान लागतो. म्हणजे रोज खायला घालून आपण माल स्वस्त करतोय. डबा अर्ध्यावरच बंद केला. बायकोनं डबा परत आलेला पाहून विचारलं, बरं नाही का. म्हटलं, बाजार. ती म्हणाली, बाजाराला भाजी आवडली नाही होय.

१३ एप्रिल
मेहुण्यानं नवी मोटरसायकल घेतली! पैसे कुठून आणलेस विचारलं, तर म्हणाला, होते थोडे.
माल शेडमध्ये पडलाय, भाव घसरतोय, आणि हा माणूस मोटरसायकल घेतो. याला म्हणतात बाजारावरची श्रद्धा. मला मागे बसवून चौकापर्यंत एक चक्कर मारली. मी पूर्ण वेळ त्याच्या पक्ष्यांचा विचार करत होतो. तो गाणं म्हणत होता.

१५ एप्रिल
८३. शेजारच्या भागातूनही गाड्या भरून माल येतोय.

राजीनामा लिहिला. मजकूर उत्तम, दीड पान. साहेबांच्या केबिनपर्यंत गेलो आणि परत आलो. आज सोडलं तर लोक म्हणतील, भाव पडला म्हणून पळाला. भाव चढल्यावर देईन.

१७ एप्रिल
८२. खिडकीच्या काचेवर सकाळी आठपासून ऊन. पंखा गरम हवा ढवळतोय. खाली पिंजऱ्यांत पक्षी चोची उघड्या टाकून बसलेत. मेहुण्याचे आता तीन किलोच्या पुढे गेले असणार. इतका जड ब्रॉयलर पायांवर उभा राहू शकत नाही. बसून राहतो आणि खातो. हे लिहिताना माझ्या लक्षात आलं की मीही सकाळपासून उठलेलो नाही.

विकून टाक म्हणावं, तर चुकलो असं कबूल करावं लागेल. थांब म्हणावं, तर उद्या आणखी पडेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि रोज सकाळी माझ्याच दोन बोटांनी मलाच टाइप करावं लागतं की आज आणखी एक रुपया गेला. असा कैदी दुसरा नसेल, ज्याला स्वतःच्या कोठडीचं कुलूप रोज स्वतःच तपासून ‘ठीक आहे’ अशी सही करावी लागते.

१८ एप्रिल, सकाळी ६.१०
सातही फोन झाले. रजिस्टरमध्ये सरासरी लिहिली : ८१.
कागदावर टाइप झालं : ९४.
खाली : ‘मागणी जोरदार. विक्रीची घाई करू नये.’

याला खोटं म्हणता येणार नाही. बाजाराला कधी कधी आधार द्यावा लागतो. सायकल शिकवताना मागून धरतात तसा. एकदा चालू लागली की सोडायची.

त्याच दिवशी, दुपार
दोन व्यापाऱ्यांचे फोन आले. एकानं विचारलं, झोप झाली नाही का. दुसरा नुसताच हसला. साहेबांनी काही विचारलं नाही, ते भावपत्रक वाचत नाहीत. मेहुण्याला कळवलं, कागद दाखवून आत्ताच ९४ माग. ‘बघतो हं भाऊजी,’ म्हणाला. मागे कोणीतरी चुन्याची बादली आण म्हणून ओरडत होतं.

१९ एप्रिल
८०. छापलंही ८०. बाजार कालच्या कागदाच्या मागे गेला नाही. म्हणजे कोणाचं नुकसानही झालं नाही. प्रकरण संपलं.

२३ एप्रिल
७८. चहा सहा वेळा. मेहुण्याला फोन करायचं धैर्य होत नाही. त्याचाही फोन नाही. माझ्याशी बोलताना आवाज फुटेल अशी भीती वाटत असेल बिचाऱ्याला.

२६ एप्रिल
आज जे झालं ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहितोय.

अकरा वाजता एक काकू ऑफिसात आल्या. पन्नाशीच्या असतील. टेकाडावर आठशे पक्ष्यांचं शेड आहे, एकट्याच सांभाळतात. व्यापाऱ्यांशी ओळखी नाहीत. आमचं भावपत्रक दुधाच्या गाडीवाल्याकडून रोज मागवतात आणि शेडच्या भिंतीला लावतात. पिशवीतून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. अठरा तारखेचा होता.

त्या दिवशी गाडीवाला त्यांचा माल घ्यायला आला होता. ऐंशी देतो म्हणाला. त्यांनी कागद दाखवला. तो म्हणाला, मग कागदालाच विका, आणि रिकामी गाडी घेऊन गेला. पुन्हा आला नाही. दुसऱ्या कोणी इतक्या वर चढून यायला तयार नाही. आठ दिवस पक्षी वाढले, ऊन वाढलं. त्रेचाळीस मेले.

मी म्हणालो, टायपिंगची चूक असणार. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

‘माणूस खोटं बोलला तर तोंडावर दिसतं हो. कागदाला तोंड कुठं असतं? म्हणून मी कागदावर विश्वास ठेवत होते.’

साहेब केबिनच्या दारात कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनी रजिस्टर मागितलं. अठरा एप्रिल, माझं अक्षर, ८१. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं लिखाण वाचलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, तुझ्या भावाचा मी सत्यानाश केला. दोन हजार पक्षी, तीन आठवड्यांचं खाद्य, सगळं माझ्या डोक्यावर. आत्ता जाऊन त्याचे पाय धरतो.

तिनं टॉवेलची घडी पूर्ण केली. मग म्हणाली, ‘अहो, पक्षी चार तारखेलाच गेले. ब्याण्णवनं. तुम्ही थांब म्हणालात तेव्हाच आम्ही आत जाऊन ठरवलं, विकायचे.’

शेड तीन आठवडे रिकामं आहे. धुऊन, चुना मारून ठेवलंय. मी ज्यांच्यासाठी डबा परत आणत होतो ते दोन हजार पक्षी केव्हाच लोकांनी खाऊन पचवले होते.

मग मला का सांगितलं नाही, असं विचारलं. ‘इतक्या वर्षांनी कोणीतरी तुमचा सल्ला ऐकला म्हणून तुम्ही खुशीत होता. कशी सांगणार?’

म्हणजे अठरा तारखेचा तो आधार मी कोणालाच दिला नव्हता. फक्त काकूंकडून काढून घेतला होता.

२७ एप्रिल
रजा टाकली. टेकाड चढून गेलो. शेड नीटनेटकं, पाण्याची भांडी घासलेली. पक्षी मात्र जमिनीला चिकटून बसलेले, छाती धापा टाकतेय, पाय वाकडे. जवळ गेलो तरी एकही सरकला नाही. मी बोलायला चार मुद्दे ठरवून गेलो होतो : बाजारातली अनिश्चितता, हवामान, मनुष्यस्वभाव, आणि खेद. तोंडातून एवढंच आलं की काकू, चूक नव्हती. मी समजून उमजून लिहिलं होतं.

त्या म्हणाल्या, ते माहीत आहे. आणि बादली हातात दिली.

दुपारपर्यंत विहिरीवरून पाणी आणून पत्र्यावर टाकलेली पोती भिजवली. जे पक्षी पाण्यापर्यंत सरकत नव्हते त्यांना उचलून भांड्यापाशी ठेवलं. एकेक पक्षी विटेसारखा जड. दोन माझ्या हातातच गेले. कमरेचं काय झालंय ते लिहीत नाही.

मेहुण्याला फोन केला. या वेळी सल्ला दिला नाही, मागितला. त्यानं मोटरसायकलवरून जाऊन गाडीवाल्याची समजूत काढली. माझा भाऊजी डोक्यानं जरा तसा आहे, काकूंचा दोष नाही, असं सांगितलं म्हणे. हे धोरण म्हणून ठीक आहे.

२८ एप्रिल, सकाळी ९
पहाटे गाडी आली. उरलेले सातशे बत्तीस पक्षी, किलोला एकाहत्तर. पिंजरे मी उचलले. ऐंशी आणि एकाहत्तरमधल्या फरकाबद्दल मी काकूंना म्हटलं, माझ्या पगारातून देतो. त्या म्हणाल्या, देणारच आहात. त्या नको म्हणतील अशी मी तयारी ठेवली होती.

३० एप्रिल
राजीनामा दिला. दीड पान.

साहेबांनी चष्मा लावून वाचला. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि परत दिला. म्हणाले, पहाटे पाचला उठणारा दुसरा माणूस आणू कुठून? जाहिरात मागेच दिली होती, एकही अर्ज आला नाही. तुम्हाला सोडता येत नाही. मागे कधी दिली होती, हे विचारायचं राहून गेलं.

शिक्षा तोंडी. ‘बाजाराची स्थिती’ हा रकाना बंद. आकडे कॅशियरबाई तपासून सही करतील, मगच छापायचे. मी दोन्ही अटी मान्य केल्या. म्हणजे कोणी विचारलं नव्हतं, पण केल्या.

२ मे
ब्रॉयलर ८४. अंडी ४५५. खाली कोरं. बोटं त्या दोन ओळींच्या जागेवर जाऊन परत येतात. कॅशियरबाई माझे आकडे बेरजेसारखे वरून खाली बोट लावून वाचतात. भाव चढतोय, हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.

९ मे
काकू ऑफिसात आल्या. मी उभा राहिलो. माझ्याकडे नाही, साहेबांकडे काम होतं. नवी पिल्लं येणार आहेत, एक दिवसाची. पहिला आठवडा त्यांच्या पायाखाली कागद अंथरावा लागतो. आमचा कागद जाड असतो, शाई सुटत नाही, पिल्लं घसरत नाहीत. जुने असतील तर द्या म्हणाल्या.

साहेब म्हणाले, एकोणीस वर्षांचे आहेत.

गठ्ठे मीच बांधले. धूळ झटकताना काही काही वाचले. ‘मागणी जोरदार.’ ‘तेजीची चिन्हं स्पष्ट.’ ‘पुढच्या आठवड्यात भाव चढणार.’ भाषा तेव्हाही चांगलीच होती. टेकाडावर तीन खेपा झाल्या. काकूंनी स्वतःच्या हातानं, मजकूर वर येईल असा, कागदाला कागद जोडून अख्ख्या खोलीभर ते अंथरले. मग खोकी उघडली. आठशे पिल्लं एकदम माझ्या दोन ओळींवर उतरली आणि दोन मिनिटांत त्यांनी त्यावर आपला अभिप्रायही दिला.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. लिखाण इतक्या थेट पोल्ट्रीपर्यंत पोचलेला माणूस या क्षेत्रात दुसरा नाही.