निळा, सर!

१ फेब्रुवारी, रविवार
बेडरूमचं फर्निचर आलं. पलंग, कपाट, ड्रेसिंग टेबल. सगळं पांढरंशुभ्र. बायकोची फार वर्षांची हौस. पांढरं मळतं, असं मी आधीच म्हटलं होतं. असो. फर्निचर दिसतं बरं.

नेमका त्याच वेळी साडू टपकला. हा गणिताचे क्लासेस घेतो, म्हणून सगळं जग त्याला 'सर' म्हणतं. विद्यार्थी म्हणतात ते ठीक. पण सासूबाईसुद्धा म्हणतात. माझी बायको म्हणते. मी इतकी वर्षं ऑफिसात सेक्शन हेड आहे, आणि शिपाई मला 'काका' म्हणतो.

साडू दारात उभा राहून म्हणाला, की पांढऱ्या फर्निचरला भिंत निळसर हवी, अगदी पुसट. विचारलं होतं का कुणी? बायको लगेच म्हणाली, की सर म्हणतात ते अगदी खरं. पेंटरने दिलेल्या शेडकार्डावर त्याने खूणही करून टाकली. माझ्या घरात, माझ्या पेनाने. वर पेन खिशात घालून गेला.

ठरलं. काहीही होवो, निळसर लागणार नाही. याचा बदला घेणार.

२ फेब्रुवारी, सोमवार
शेडकार्ड डायनिंग टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातलं. टेबल आता अजिबात हलत नाही. पहिली फेरी जिंकली.

४ फेब्रुवारी, बुधवार
सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन, म्हणून बायको माहेरी निघाली. रंगाचं काम माझ्यावर सोपवलंय. मी खूश. पण जाताना म्हणाली, की भिंती अंगावर आल्या तर ती त्या खोलीत झोपणार नाही. मुलगी होस्टेलवर असते, तिची खोली रिकामीच आहे. तिथे झोपेन, आणि कायमची, म्हणाली.

धमक्या. मुलीचा पलंग अरुंद आहे. दोन दिवसांत परत येईल.

(संध्याकाळी) मुलीच्या पलंगावर नवी चादर घातलेली दिसली. उशीला नवा अभ्राही.

५ फेब्रुवारी, गुरुवार
रंगाचा अभ्यास. लाल: साडूचे डोळे दिपतील, पण झोपायचं मला आहे. शेंदरी: साडूची गाडी शेंदरी आहे. बाद. मातकट: साडू म्हणेल, पाणी मुरलंय का? पिवळा: ऑफिसातला जिना आठवतो.

साडूला जास्तीत जास्त काय झोंबेल, हाच निकष.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
सापडला! गडद निळा. ठसठशीत, शाईसारखा. त्याने निळसर सांगितलं ना? मग घे निळा! अर्धवट सल्ला देणाऱ्याला पुरतं उत्तर. पांढरं फर्निचर त्यावर असं उठून दिसेल, की हा गप्पच बसेल. बायको आधी ओरडेल, मग तिला पटेल. तिला शेवटी माझंच पटतं. उदाहरण आत्ता आठवत नाही.

साडूला फोन करून पुढच्या रविवारी चहाला बोलावलं. आवाजात मध ठेवला. त्याला काही कळलं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार
आज काय झालं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

पेंटरला फोन केला. तो कुठेतरी भिंत घासत होता, नुसती खरखर. मी म्हटलं, निळा लावायचा. तो म्हणाला, 'निळा, सर?'

सर! मला! मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, 'निळा, सर ना?' मी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदाही तेच. मी म्हटलं, हो, अगदी बरोबर, आणि फोन ठेवला.

माणसाची पारख मजूर माणसाला असते, नातेवाइकांना नसते. 'गडद' म्हणायचं बहुतेक राहिलं. पण निळा म्हणजे निळा.

९ फेब्रुवारी, सोमवार
काम सुरू. पेंटर दारात म्हणाला, 'काका, चावी द्या.' सवय एकदम कशी जाईल. मी हसून चावी दिली. मोठेपणा त्यातच असतो.

ऑफिसात रविवारच्या भाषणाची तयारी केली. सुरुवात: 'काही लोक पुसट सुचवतात, काही लोक ठाम करतात.' साडूकडे न बघता म्हणायचं.

१० फेब्रुवारी, मंगळवार
घरी आलो तेव्हा पहिला हात देऊन झाला होता. फारच फिका वाटला. पहिला हात फिकाच असतो म्हणे. भिंत रंग पिते.

११ फेब्रुवारी, बुधवार
दुसरा हातही झाला. अजून फिकाच. ओला आहे. सुकला की गडद होईल.

(रात्री जेवणानंतर) सुकला. आणखी फिका झाला. दोष ट्यूबलाइटचा आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
ऑफिसातून अर्धी रजा घेऊन पेंटरला गाठलं. रंग गडद कधी होणार, विचारलं. तो म्हणाला, की झाला तेवढाच. तुम्हीच निळसर सांगितलंत, काका. मी तीनदा विचारलं निळसर ना, आणि तुम्ही हो, अगदी बरोबर म्हणालात.

मी म्हटलं, तुम्ही 'निळा, सर' म्हणालात.

तो म्हणाला, मी तुम्हाला सर कशाला म्हणेन?

म्हणजे माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या देखरेखीखाली, साडूचा रंग लागला! आणि रविवारी चहाला मीच बोलावलंय त्याला. पेंटरला उद्यापासून दुसरं काम आहे. असू दे. संध्याकाळी स्वतः जाऊन गडद निळ्याचा डबा आणि रोलर आणला. उद्या सुट्टी टाकणार. बायको शनिवारी येणार, तोवर भिंती शाईसारख्या. हात आहेत मला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी स्टुलावर चढलो. रोलर बुडवणार, तेवढ्यात कुलूप वाजलं. बायको! एक दिवस आधी! डबा आणि रोलर मुलीच्या पलंगाखाली सरकवले आणि फडकं घेऊन कपाट पुसत बसलो.

ती खोलीत आली. पिशवी खाली ठेवायचंही विसरली. सगळीकडे फिरली, भिंतीला हात लावून बघितला. मग पलंगावर बसली आणि रडायलाच लागली. मला वाटलं, गेली ही मुलीच्या खोलीत.

तर म्हणाली, की निळसर तिलाच हवा होता. पहिल्यापासून. ती सांगेल ते मी ऐकत नाही, म्हणून तिनेच सरांना तसं म्हणायला सांगितलं होतं. पण सर बोलले आणि माझं तोंड बघून तिच्या लक्षात आलं, की आता हे हट्टाने भलतंच काहीतरी करणार. माहेरी धड झोपही लागली नाही तिला. एकदा तरी तुम्ही माझ्या मनातलं केलंत, म्हणाली. तुम्हाला कळलं कसं?

मी म्हटलं, कळतं मला.

फडकं घेऊन पुन्हा कपाट पुसलं. ते स्वच्छच होतं.

१५ फेब्रुवारी, रविवार
साडू आला. दारात उभा राहून बघितलं. मी हसायचं आधी ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे चेहरा कसा ठेवावा कळेना. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, की दुसऱ्याचं ऐकायला मोठं मन लागतं. माझं भाषण राहूनच गेलं. मग त्याने खिशातून माझं पेन काढून दिलं. चुकून राहिलं होतं, माफ करा, म्हणाला.

आता माझ्याकडे त्याच्याविरुद्ध पेनसुद्धा नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार
आम्ही दोघं नव्या पलंगावर झोपलो. बायको पाठ टेकताच झोपली. रंग वाईट नाही. सकाळच्या उजेडात तर बराच बरा दिसतो. पण हे साडूला कळता कामा नये. हॉलच्या भिंती अजून बाकी आहेत, आणि डबा मुलीच्या पलंगाखाली आहे. हॉलमध्ये बघतो त्याला.

हे लिहीत असतानाच स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली. 'सर, चहाला या!'

मला! लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर! पेन टाकून उठलो, केस सारखे केले आणि गेलो.

ती फोनवर होती. मला बघून तिने फोनवर हात ठेवला आणि म्हणाली, अहो, तुमचाही ओतलाय.