कारामाचे अंथरूण

प्रिय बाबा,

हे पत्र दादाकडून वाचून घेऊ नका. तुम्हाला वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षरे मोठी आणि सुटी काढली आहेत. फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही “बरा आहे, जेवलोय” एवढे बोलून फोन वहिनीच्या हाती देता. आणि मला जे सांगायचे आहे, ते वहिनीला सांगण्यासारखे नाही.

काल सकाळी कारामा गेला.

गेले अकरा दिवस तो आपल्या गोरिला कुटुंबाच्या मागे पडत होता. गाशुंबाकाका रोज पहाटे त्या कुटुंबाची रात्रीची अंथरुणे मोजतात, अगदी तुमच्यासारखी, प्रत्येक पाल्यात हात घालून ऊब तपासत. पहिल्या दिवशी चौदाच भरली. काका बांबूंत परत फिरले, तेव्हा दोनशे पावलांवर पंधरावे सापडले. बाबा, त्याला अंथरूण म्हणवत नव्हते. चार देठ मोडून अंगाखाली सरकवलेले, एवढेच. कारामासारखी ऐसपैस गादी या डोंगरावर दुसरा कोणताही गोरिला घालत नाही, असे तुम्ही मला माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी दाखवून दिले होते. काका त्या देठांपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, “काय रे म्हाताऱ्या, गादी घालायचाही कंटाळा आला?” मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “तुझ्या बापाला हे बघवलं नसतं, मास्तरीणबाई.”

पुस्तके वाचून जंगलात आले म्हणून मी अजून त्यांची मास्तरीणबाईच आहे. जंगलात शिरताना आपण घशातून जो खोल हुंकार देतो, आम्ही आलो आहोत, घाबरू नका, असे सांगणारा, तो मला अजूनही नीट जमत नाही. काका म्हणतात, “हा गोरिलाचा हुंकार नव्हे गं, हा डासाचा!” तुम्ही असता तर हसला असता आणि मग तोच हुंकार देऊन दाखवला असता. कारामा तुमच्या हुंकाराला मान वर करून उत्तर द्यायचा. माझ्याला त्याने कधीच दिले नाही.

तुमची शपथ मला पाठ आहे. गाशुंबा या गावात आहे तोवर किनिगीत पाऊल ठेवणार नाही, असे तुम्ही बसच्या पायरीवर उभे राहून साऱ्या बाजारासमोर म्हणालात, त्याला अडीच वर्षे झाली. परंतु कारामाला येत्या शनिवारी पुरणार आहेत. तो जन्मला त्या आठवड्यात ज्याने त्याला पाहिले, असा माणूस आता तुम्ही एकटेच. तुम्ही आला नाहीत, तर खड्ड्याभोवती उभे राहिलेल्यांपैकी एकालाही त्याचे लहानपण आठवणार नाही.

माझे म्हणाल तर मी ठीक आहे. दिवसभर आठ-आठ पाहुण्यांना इंग्रजीतून नियम सांगते: दहा मीटर अंतर, एकच तास, तोंडावर मुखपट्टी, ज्याला सर्दी-खोकला असेल त्याने आत्ताच सांगावे, आपला साधा खोकला गोरिलांचा जीव घेऊ शकतो. ते तास संपवून आपापल्या देशी निघून जातात. मी घरी येते, बटाटे आणि घेवडा शिजवते, आणि मग लक्षात येते की डोंगर उतरल्यापासून मी कोणाशी एक शब्दही बोललेले नाही. सेराफिनमावशी कुंपणावरून ओरडतात, “पोरी, पुस्तकाशीच लग्न लावलंस का गं? मग त्या जावयाला घेऊन ज्वारीची बिअर प्यायला तरी ये!” मी हसते आणि दार लावून घेते. तुमच्या खोलीत आता मी बटाट्यांची पोती ठेवते. रिकामी खोली मला पाहवत नव्हती.

परवा कारामाच्या थोरल्या मुलाने कुटुंब वरच्या उतारावर नेले. निघण्याआधी ती सगळी बराच वेळ कारामाभोवती बसून राहिली. नंतर एकेक उठली. मागे राहिला तो, आणि दहा मीटरांवर काका नि मी. काका अंधार पडेपर्यंत हुंकार देत राहिले. काल आम्ही पोचलो, तेव्हा तो कुशीवर होता.

आपण आजाऱ्याला ज्या वेताच्या डोलीतून दवाखान्यात नेतो, तशाच मोठ्या डोलीतून सोळा जणांनी त्याला खाली आणले. चिखलात कोणीतरी धापा टाकत म्हणाले, “आयुष्यभर फुकट चरला, नि जातानाही आमच्याच खांद्यावर!” सगळे हसले, काका हसले नाहीत. पुढचा डावा दांडा त्यांनी कोणालाही धरू दिला नाही. पोरे म्हणाली, “काका, वय झालं तुमचं, सोडा.” ते म्हणाले, “ही जागा माझी नाही रे. हिच्या बापाची आहे. त्याच्या नावानं धरलीय.”

ते ऐकल्यावर मला गप्प राहणे अशक्य झाले. ज्या खोकल्यापायी तुमचे जंगलात जाणे बंद झाले, त्याविषयी कार्यालयात काकांनी सांगितले नव्हते, बाबा. मी सांगितले. त्या मंगळवारी तुम्ही शेवाळात तोंड दाबून खोकलात, तेव्हा तुमच्या पाठीमागे काकाच होते, म्हणून त्यांनीच सांगितले अशी तुम्हाला खात्री वाटली. मी वरच्या बाजूला पाहुण्यांसह उभी होते, आणि तुमच्यापासून चार हातांवर एक मादी नऊ दिवसांचे पिलू छातीशी धरून बसली होती. अनोळखी माणसांना मी खोकल्यावरून रोज परत पाठवत होते. तुमच्यासमोर माझे तोंड उघडले नाही. संध्याकाळी कार्यालयातल्या डॉक्टरांकडे गेले आणि माझे नाव कळवू नका, असे विनवले. बाहेर फाटकापाशी काका उभे होते. त्यांना सारे समजले. बाबांना मीच सांगते, असे मी म्हणाले, तर ते म्हणाले, “गप बस. माझ्यावर रुसला तर तुझ्याकडे येईल. तुझ्यावर रुसला तर जाईल कुठं?” पण तुम्ही माझ्याकडेही राहिला नाहीत. ते पिलू आता आईच्या पाठीवरून उड्या मारते, आणि तुमचा क्षयही वेळीच पकडला गेला. म्हणून सांगितल्याचा मला पश्चात्ताप नाही. नाव लपवल्याचा आहे, आणि तुम्ही काकांच्या अंगणात जाऊन त्यांना चहाडखोर म्हणालात तेव्हा मी दाराआड उभी राहिले, त्याचा आहे. शनिवारी मी पहिल्या बसपासून खाली मुसांझे शहरातल्या थांब्यावर उभी असेन. उतरल्यावर माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. काकांशी मात्र बोला.

तुमचीच,
कायितेसी