सोहमची नाळ

३ डिसें.
सायलीला पुन्हा दिवस गेलेत, आठवा आठवडा. आमचा सोहम दीड वर्षाचा असताना गेला, म्हणून यावेळी इथल्या डॉक्टरांनी मुंबईच्या डॉ. बाईंकडे पाठवलं. अधूनमधून रत्नागिरीत येतात. तीस वर्षं एकाच आजारावर संशोधन. मी नववीत शाळा सोडलेला. नाव चुकायला नको म्हणून त्यांच्याकडूनच लिहून घेतलं : सिस्टिक फायब्रोसिस. आईबाप दोघांकडून दोष आला तर मुलाला होतो.
पहिलाच प्रश्न, "मुलाच्या कपाळाचा मुका घेतला की खारट लागायचं का?"
आई सोबत होती. उठून बाहेर गेली.

४ डिसें.
आई जेवली नाही. सोहम आजारी पडला की ती त्याच्या कपाळाला जीभ लावून बघायची. बाई म्हणतात खारट घाम ही या आजाराची खूण; आईला वाटायचं, खारट म्हणजे दृष्ट. मग मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत. मीही शेजारी उभा असायचो.
"बाला, मना कुनी सांगितला न्हाय रं."
डॉक्टरांनीही न्यूमोनियाच लिहिला होता. तिला दोनदा सांगितलं.

१७ डिसें.
रक्ताचे रिपोर्ट. माझ्यात एक दोष, ओळखीचा. सायलीत काहीतरी वेगळं आहे, पण ते वाईट की निरुपद्रवी, बाईंनाही माहीत नाही. "असं मी आजवर पाहिलं नाही." सोहममध्ये ते होतं का, हे कळलं तर पोटातलं बाळ तपासता येईल. पण त्याचं रक्त कोणी ठेवलं होतं?
"नाळ जपून ठेवली असेल ना?"
ठेवलीय. कुंकवाच्या डबीत, कापसात. तपासणीत संपून जाईल म्हणाल्या.
"अर्धी चालेल?" मी विचारलं.
"अर्धीत काही निघालं नाही, तर तीही फुकट जाईल."

१९ डिसें.
सायली : "त्यांना मागायला एवढंच उरलं होतं?"
ती विहिरीवर गेली तेव्हा डबी घेऊन निघावं असं मनात आलं. खोटं का लिहू. हात लावला नाही.

२१ डिसें.
सायलीने स्वतः बाईंना फोन लावला. "इतकी वर्षं करताय, एक तरी पोर वाचलं का?"
बाई म्हणाल्या, आधी रिपोर्ट यायचा तोवर मूल गेलेलं असायचं. आता काहींना औषध लागू पडतं. सगळ्यांना नाही.
फोन ठेवून सायली एवढंच म्हणाली, "खोटं नाही बोलल्या."

२३ डिसें.
दिली. बाईंनी चिमट्याने उचलली, बाटलीवर नंबर टाकला. सायली : "नाव पण लिहा." नंबराखाली लिहिलं, सोहम.
हातखंब्याला गाडी बदलताना तिने विचारलं, "कापूस पण घेतला का त्यांनी?" मी बघितलं नव्हतं. एवढं सगळं बघतो आणि नेमकं तेच...

८ जाने.
बाईंचा फोन. रिपोर्ट आलाय. "फोनवर नको. उद्या अकराला दोघंही या." आवाजावरून काहीच कळेना.
सायलीला सांगितलं. ती म्हणाली, "आत मी एकटी जाणार. तुमचं तोंड बघून मला आधीच कळतं. मला त्यांच्याकडून ऐकायचंय."
बरं म्हणालो.
तिने चार भाकऱ्या जास्त थापल्या. तिथे किती वेळ लागेल काय माहीत, म्हणाली.