भिंतीवरचे दोन न्हावी

मी, शरयू जगन्नाथ काशीद, वय एकाहत्तर, शाळा चौथीपर्यंत, मूळ गाव कराड, सध्या मुक्काम मुलाकडे, डब्लिन, ओहायो, अमेरिका, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा कागद दिलाय. सूनबाई सुचित्राला अजून शंका आहे.

एक. माझ्या पाटल्या सुचित्राला. "टू हेवी" म्हणालीस ते मी ऐकलं होतं. तरी तुलाच.

दोन. कराडच्या सलूनचा गाळा मुलगा अनिल यास. पण अट आहे, आणि ती कळायला आधी हॉलमधला फोटो कळला पाहिजे.

त्यातला हा मिशाळ म्हातारा मी गॅरेज सेलमधून, म्हणजे लोक घरचं जुनं सामान दारात मांडून विकतात तिथून, आणला. खरी हवी होती फ्रेम, आमच्या ह्यांच्या फोटोसाठी. फोटो बदलायच्या आतच वास्तुशांतीला इथल्या मराठी मंडळाची माणसं आली. पुरुषोत्तम भावजींनी विचारलं, "हे कोण?" आमचे चिरंजीव बोलून गेले, "पणजोबा. जहागीरदार होते." भावजींनी वाकून नमस्कार केला. तेव्हापासून दसऱ्याला म्हाताऱ्याला हार. आणि ज्यांनी जन्मभर लोकांच्या दाढ्या करून अनिलला इंजिनियर केला, ते माझ्या बॅगेत.

यंदा नात अदितीने फ्रेमच्या मागचं नाव वाचून शाळेचा प्रोजेक्ट केला. म्हातारा ऑटो केलर. धंदा न्हाव्याचा! मी इतकी हसले की कवळी हातात आली. खोटं बोलतानाही पोरगं जातीवरच गेलं.

बाकी केलर खमका. खुर्चीतली गिऱ्हाइकं राजकारण बोलायची; ते ऐकता ऐकता हा एकोणीसशे अकरा साली स्वतःच आमदार झाला. तिथे एक वकील म्हणाला, "इथे काय भादरायला आलास?" हा म्हणे, "सुरुवात तुमच्यापासून!" दर गिऱ्हाइकाला धुतलेला टॉवेल, हा कायदा त्यानेच करून घेतला. पुढच्या निवडणुकीत पडला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि ज्याने पाडलं त्याचीच दाढी केली. गळ्यावर वस्तरा होता तोवर तो गृहस्थ फार नम्र होता म्हणतात.

तर अट. ह्यांचा फोटो केलरच्या शेजारी, त्याच उंचीवर लावायचा. खाली मराठीत आणि इंग्रजीत लिहायचं: जगन्नाथ काशीद, न्हावी. नाही लावला तर गाळा अदितीला.

अनिलला हे सांगितलं. म्हणाला, "आई, प्लीज! मंडळात काय तोंड दाखवू?"

म्हटलं, "दाढी करून दाखव."

तीन. ह्यांची हत्यारांची धोकटी अदितीला. "आजी, दॅट्स माइन," असं तिने आधीच बजावलंय. कात्री अजून कापते, बाहुलीवर नको.

चार. केलरचा हार बंद करू नये. नात्यातला नसला तरी धंद्यातला आहे.

डब्लिन, ओहायो. १४ सप्टेंबर २००६.
शरयू जगन्नाथ काशीद
(अंगठा नाही, सही आहे. नीट बघा.)

साक्षीदार:
१. सुलभा पुरुषोत्तम आठल्ये
२. पुरुषोत्तम आठल्ये. वाचून सही केली. जहागीरदारांना केलेला नमस्कार परत घेतो. वहिनी, दुसरा फोटो लागला की दोघांना एकदमच करीन.

(खाली, वेगळ्या अक्षरात)
खिळा ठोकला आहे. उंची आईने येऊन बघावी. अनिल.