गोरिल्ल्याचे पाय

३ जाने. ७४
हातमाग विकला तेव्हापासून बायको, शांता, उमरेडला, तिच्या भावाकडे. हिंगण्याला कारखान्यात लागलो, असं कळवलंय तिला. खरं काम : प्रदर्शनीच्या तंबूत गोरिल्ला होणे. तागाच्या केसांचा अंगरखा, रबरी तोंड, आत आधीच्या गोरिल्ल्याच्या घामाचा वास. मालकाचे हुकूम दोनच. छाती बडवायची, तोंडातून शब्द काढायचा नाही. दिवसभर गर्दी, अन् बोलायला कोणी नाही.

६ जाने., रवि.
जाळीपुढे कॉलेजातले एक सर बायकोला सांगत होते. गोरिल्ला मोठा गरीब प्राणी. पाला खातो, पिल्लं अंगावर नाचली तरी चालतं त्याला. एकेकाचा स्वभाव निराळा, कोणी खोडकर, कोणी लाजाळू. छाती बडवतो ती बहुतेकदा मारामारी टळावी म्हणून.
ऐकता ऐकता बडवायचीच राहिली. फार दिवसांनी कोणीतरी माझ्याबद्दल चांगलं बोलत होतं.

९ जाने.
आज बसूनच राहिलो. लाजाळू गोरिल्ला. एक मुलगी जाळीशी केळं ठेवून गेली. मालक मागून, "काहून बसून राहिला गा? पब्लिकले भेव वाटलं पाहिजे."
बसलं की पाय आपोआप चालतात. डावा, उजवा, मागाखालच्या पट्ट्या दाबल्यासारखे. माग गेला, पाय ऐकत नाहीत.

१२ जाने.
शांता. भाऊ-वहिनीसोबत, तंबूत! मी बसलेलो. उठून छाती बडवली असती तर ती भिऊन गेली असती, मी सुटलो असतो. उठवलं नाही.
वहिनी हसली, "कसा गुमान बसला वं." शांताही हसत होती. मग तिची नजर पायांवर गेली. इतकी वर्षं मागासमोर बसून सुताच्या कांड्या भरल्यात तिनं. हसू थांबलं. भाऊ म्हणाला, "चाल." गेली.
फार एकटं वाटलं.

१३ जाने., रवि.
मालकानं सकाळीच सांगितलं, आज बसलास तर उद्या दुसरा माणूस.
दुपारी शांता परत. एकटी. तंबू रिकामा होईस्तोवर कोपऱ्यात उभी. मग जाळीपाशी येऊन हळूच, "जेवले काय जी?"
मालक दारात. मी नुसती मान हलवली. नाही.
तिनं जाळीखालून डबा सरकवला. "बाहीर बसतो मी." कारखान्याचं काही विचारलं नाही.
खेळ सुटलाय तेवढ्यात हे लिहितोय. डबा उघडून पाहिला. भाकरी दोघांपुरत्या आहेत. बाहेर जावं तर हा अवतार उतरवायला वेळ लागतो, अन् मालक पुढच्या खेळाला हाका मारतोय